रेंज नसलेल्या गावांपर्यंत अंतिम वर्षाची परीक्षा: प्रकल्प नोंदी, मार्च ते नोव्हेंबर २०२०

दक्षिण रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या, मुंबई विद्यापीठाशी संलग्न अशा काही महाविद्यालयांच्या परीक्षा आणि संगणक विभागांनी ठेवलेल्या या नोंदी. विद्यार्थी श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या पट्ट्यातले. वाड्या डोंगरात, टॉवर खाडीपलीकडे. असंच काम दुसरीकडे कुणावर आलं तर आधी काय करायचं आणि कशावर वेळ घालवायचा नाही, हे कळावं म्हणून त्या लिहिल्या आहेत. सुरुवातीलाच एक सांगणं: ज्याचा फोन सगळ्यात जुना आणि रेंज सगळ्यात कमी, त्याला धरून आखणी करा. त्याला जमलं की बाकीच्यांना जमतंच.

१६ मार्च

वर्ग बंद. व्हिडिओवर शिकवायचं कसं, ही चर्चा लगेच सुरू झाली, पण त्याआधी फोनची यादी हवी. कार्यालयातल्या प्रवेश अर्जांवरचे नंबर भरवशाचे नाहीत. अर्ज सायबर कॅफेत भरलेले असतात आणि बऱ्याच अर्जांवर नंबर आणि ईमेल कॅफेवाल्याचाच असतो.

यादीचे रकाने असे ठेवले: फोन कुणाचा (स्वतःचा, वडिलांचा, शेजाऱ्यांचा), साधा की स्मार्ट, अँड्रॉइडची आवृत्ती, त्याच फोनवर घरातले आणखी किती जण शिकतात, फोन घरी असतो ती वेळ, कोणत्या सिमला नेमकी कुठे रेंज येते (घरात, ओटीवर, सड्यावर, स्टँडवर), गाव, वाडी आणि पोस्टाचा पिन. यातला ‘फोन घरी असतो ती वेळ’ हा रकाना सर्वांत उपयोगी पडला. वडील कामावर जाताना फोन घेऊन जातात, त्यामुळे सकाळी दहाचा तास म्हणजे अनेकांसाठी नसलेला तास. संध्याकाळी सातनंतर तोच फोन घरी असतो.

नंबर न लागलेल्यांसाठी एसटी पासचे अर्ज काढले. त्यांवर थांब्याचं नाव असतं. त्याच थांब्यावर उतरणाऱ्या दुसऱ्या विद्यार्थ्याला फोन केला की तो वाडीत निरोप पोचवतो.

२३ मार्च

राज्यात संचारबंदी लागली. कार्यालयातून काय बाहेर काढायचं ते ठरवायला जेमतेम दुपार मिळाली. काढलेल्या वस्तू: अंतर्गत गुणांची रजिस्टरं, प्रश्नसंचांची हार्ड डिस्क, जुन्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं डोंगल (ते चालण्यासाठी संगणकाला लावायची किल्ली) आणि महाविद्यालयाचा शिक्का. डोंगल नसेल तर जुन्या फायली घरच्या संगणकावर नुसत्या वेड्यावाकड्या इंग्रजी अक्षरांत उघडतात. ते आठवणीने काढा.

प्रयोगशाळेत गॅसचे रेग्युलेटर काढले, ऊर्ध्वपातन यंत्रातलं पाणी सोडलं, सूक्ष्मदर्शकांची भिंगं सिलिका जेलसोबत डब्यात बंद केली. यूपीएस मात्र चार्जिंगविना तसेच राहिले. त्याचा फटका सप्टेंबरच्या नोंदीत आहे.

३ एप्रिल

बाजारात सॅनिटायझर नाही, आरोग्य केंद्राकडून विचारणा आली. रसायनशास्त्र विभागाने परवानगी काढून जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राने बनवलं. १० लिटरसाठी: ९६ टक्के इथेनॉल ८३३३ मिली, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मिली, ९८ टक्के ग्लिसरॉल १४५ मिली, आणि उकळून गार केलेलं किंवा ऊर्ध्वपातित पाणी १० लिटरच्या खुणेपर्यंत. ग्लिसरॉल भांड्याला चिकटून राहतं, म्हणून मोजपात्र त्याच पाण्याने विसळून तेही पाणी आत घाला. भरलेल्या बाटल्या ७२ तास बाजूला ठेवायच्या. अल्कोहोलमध्ये किंवा बाटलीत जिवाणूंचे बीजाणू असतील तर पेरॉक्साइडला तेवढा वेळ लागतो.

एक घोटाळा होता होता टळला. अल्कोहोलमापी २० अंश सेल्सिअसला बेतलेला असतो. एप्रिलात कोकणातली खोली तेहतीस-चौतीस अंशांवर असते. गरम द्रव पातळ, मापी जास्त बुडतो आणि प्रमाण आहे त्याहून जास्त दिसतं. नमुना गार पाण्यात ठेवून २० अंशांवर आणला तेव्हा आकडा खाली आला. ७५ ते ८५ टक्के ही मान्य मर्यादा आहे. तुमचं वाचन ८४ असेल आणि खोली तापलेली असेल तर त्यावर निर्धास्त होऊ नका, आणि ७८ दिसत असेल तर नक्कीच पुन्हा मोजा. साठा एका खोलीत फार करू नका. या मिश्रणाची वाफ खोलीच्या तापमानालाही ठिणगीने पेट घेते.

२० एप्रिल

थेट व्हिडिओ तास बंद केले. मोफत झूम ४० मिनिटांत तुटतं, पण खरी अडचण डेटाची. तासाला अर्धा ते एक जीबी जातो आणि बहुतेकांचं पॅक दिवसाला दीड जीबीचं, त्यात घरातले दोघेतिघे वाटेकरी. चौथ्या-पाचव्या मिनिटाला आवाज तुटू लागतो आणि विद्यार्थी निमूटपणे बाहेर पडतो. हजेरीत मात्र तो दिसतो.

त्याऐवजी ध्वनिफीत आणि पानं. ध्वनिफीत एका वाहिनीची, ३२ केबीपीएसवर काढली की मिनिटाला २४० केबी होते. २० मिनिटांचा भाग पाच एमबीच्या आत. टूजीवरही रात्री उतरते. सोबत फळ्यावर जे लिहिलं असतं त्याची चार-पाच पानं. फोनने काढलेला एका पानाचा फोटो दोन-तीन एमबीचा असतो. तोच स्कॅनच्या ॲपमधून काळा-पांढरा करून पीडीएफ केला की शे-दीडशे केबी. बोलताना ‘पान दोन, तिसरी ओळ’ असं म्हणत जा. ऐकणाऱ्याला पडदा नसतो, पान असतं.

व्हॉट्सॲपच्या गटात तेव्हा २५६ जणच मावत. ब्रॉडकास्ट यादी केली तर ज्याच्या फोनमध्ये आपला नंबर जतन आहे त्यालाच संदेश जातो, हे कळेपर्यंत पहिल्या आठवड्याचं साहित्य अर्ध्या वर्गाला पोचलंच नव्हतं. विषयवार छोटे गट करा.

४ मे

विद्यापीठ अनुदान आयोगाची २९ एप्रिलची मार्गदर्शक तत्त्वं आली. परिस्थिती निवळली नाही तर मधल्या वर्षांना अंतर्गत गुण ५० टक्के आणि मागच्या सत्राचे ५० टक्के असा पर्याय. काम सोपं वाटतं, पण अंतर्गत गुणांची रजिस्टरं बाहेर काढलेली नसती तर अडलं असतं. शिक्षकांच्या वहीत पेन्सिलने लिहिलेले गुण ग्राह्य धरता येत नाहीत, म्हणून प्रत्येक पानाचा फोटो आणि विभागप्रमुखांचा लेखी दुजोरा घेतला.

१२ जून

३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली इथे घरांवरची कौलं आणि पत्रे गेले, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब मोडले. मोबाइल टॉवर डिझेल संपेपर्यंत चालले आणि मग बंद. मार्चपासून जमवलेल्या यादीतला रेंजचा रकाना एका दिवसात निरुपयोगी झाला.

वीज यायला अनेक वाड्यांना आठवडे लागणार हे उघड होतं. अभ्यासाचं बोलणं थांबवून यादी पुन्हा पहिल्यापासून केली. या वेळी रकाने तीनच: घर शाबूत आहे का, पुस्तकं-वह्या भिजल्या का, निरोप कुणामार्फत जाईल (सरपंच, आशाताई, रेशन दुकानदार, पोस्टमन). पुस्तकं भिजलेल्यांसाठी नोट्सच्या झेरॉक्स काढून पोस्टाने पाठवल्या. पाकिटावर वाडीचं नाव आणि घरातल्या थोरल्या माणसाचं नाव लिहा. विद्यार्थ्याच्या नावावर पोस्टमनला घर सापडत नाही. पाकीट प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद करा. जूनच्या पावसात कागदी पाकीट पोचेपर्यंत लगदा होतं.

११ जुलै

आयोगाची सुधारित तत्त्वं ६ जुलैला आली: अंतिम वर्षाची परीक्षा सप्टेंबरअखेर, ऑनलाइन, ऑफलाइन किंवा मिश्र. राज्याची भूमिका परीक्षा न घेण्याची आणि प्रकरण न्यायालयात. निकाल कसाही लागो, बहुपर्यायी प्रश्नसंच युनिकोडमध्ये (कुठल्याही संगणकावर आणि फोनवर मराठी मराठीच दिसते त्या पद्धतीत) लागणारच, म्हणून ते काम सुरू केलं. या प्रकल्पात सर्वांत जास्त वेळ इथेच गेला, म्हणून सविस्तर.

मराठी माध्यमाचे जुने प्रश्नसंच जुन्या फॉन्टमध्ये टंकलेले. त्या फायलींत मराठी अक्षरं नसतातच. इंग्रजी अक्षरांवर मराठी चित्रं चढवलेली असतात. वेबपानावर चिकटवलं की चित्रं गळून पडतात. रूपांतरक वापरावाच लागतो आणि प्रत्येक रूपांतरक काही ना काही बिघडवतो.

पहिला बिघाड वेलांटीचा. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकतात, युनिकोडमध्ये ती नंतर येते. साधा रूपांतरक तिला एकच घर पुढे सरकवतो, जोडाक्षर ओलांडत नाही. ‘स्थिती’चं ‘स्िथती’ होतं. दुसरा रफाराचा. तो जुन्या फॉन्टमध्ये अक्षरानंतर येतो, म्हणून ‘वर्ष’चं ‘वषर्’ आणि ‘कार्याचा’चं ‘कायार्चा’. तिसरा अर्ध्या ऱ्याचा: ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’. चौथा सर्वांत त्रासदायक: त्याच परिच्छेदातले इंग्रजी शब्द आणि सूत्रंही रूपांतरक मराठी समजून बदलतो. सोडियम क्लोराइडचं सूत्र कुठल्यातरी अर्थहीन जोडाक्षरात जातं आणि वाचणाऱ्याला चूक दिसतही नाही, प्रश्नच कळत नाही.

उपाय: आख्खी फाइल एकदम बदलू नका. वर्डमध्ये फॉन्टच्या नावाने शोधून फक्त मराठी फॉन्टचे तुकडे बदला, इंग्रजी फॉन्टचे तुकडे तसेच ठेवा. नंतर तीन शोध चालवा. हलन्तानंतर लगेच मात्रा किंवा वेलांटी: मराठीत हे कधीच येत नाही, जे सापडेल ते चूक. शब्दाच्या शेवटी ‘र्’: हीही चूकच. आणि ‘र्या’: हे एकेक पाहावं लागतं, कारण ‘कार्यालय’ बरोबर आणि ‘दुसर्या’ चूक. या तीन शोधांत बहुतेक कचरा निघतो. उरलेला वाचूनच काढायचा, आणि वाचणारा त्या विषयाचा हवा. भाषेच्या शिक्षकाला रसायनशास्त्राच्या संचातली चूक दिसत नाही.

एक्सेलमधून साधी सीएसव्ही जतन केली की मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. यूटीएफ-८ चा पर्याय निवडा किंवा गुगल शीटमधून उतरवा.

१८ जुलै

प्रश्न परीक्षाप्रणालीत आयात करताना आणखी अडथळे. मूडल या ऑनलाइन परीक्षाप्रणालीच्या आयकेन साच्यात (प्रश्न साध्या मजकुरात लिहायच्या साच्यात) पर्यायांची अक्षरं इंग्रजी मोठ्या लिपीतली लागतात आणि उत्तराची ओळही तशीच. अ, ब, क, ड चालत नाही. प्रश्न एका ओळीत हवा. मराठी साहित्याच्या पेपरात अभंगाचे दोन चरण देऊन विचारलेला प्रश्न दुसऱ्या ओळीशी अडतो आणि आयात थांबते. असे प्रश्न मूडलच्याच गिफ्ट नावाच्या दुसऱ्या साच्यात वेगळे घातले.

प्रश्नलेखकांना सूचना: ‘वरीलपैकी सर्व’ लिहू नका. पर्यायांचा क्रम प्रत्येकाला वेगळा जातो, तेव्हा तो पर्याय सर्वांत वर येऊन बसतो आणि वर काहीच नसतं. ‘हे सर्व’ लिहा. ‘अ आणि ब दोन्ही’ तर पूर्ण बंद. दोन्ही गोष्टी नावाने लिहा. गणिताची सूत्रं दाखवणारी जोड बाहेरून उतरते आणि टूजीवर पान लटकतं, म्हणून सूत्रांची चित्रं केली, प्रत्येक १५ केबीच्या आत.

२९ ऑगस्ट

काल सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. परीक्षा न घेता अंतिम वर्ष उत्तीर्ण करता येणार नाही. राज्याला मुदतवाढ मागता येईल. दरम्यान २० ऑगस्टपासून जिल्ह्याबाहेरची एसटी सुरू झाली आणि गणपतीला चाकरमानी आले. मुंबईत शिकणारी गावची मुलंही इथेच आहेत, तेव्हा आमच्या यादीत नसलेले विद्यार्थीही रेंजसाठी आमच्या आवारात येणार हे गृहीत धरलं.

९ सप्टेंबर

मुंबई विद्यापीठाचा आराखडा कळला: प्रात्यक्षिकं १५ सप्टेंबरपासून, बॅकलॉगचे पेपर २५ पासून, अंतिम सत्राचे १ ते १७ ऑक्टोबर. एक तास, ५० गुण, बहुपर्यायी. महाविद्यालयांचे गट करून प्रत्येक गटाने आपापली व्यवस्था करायची.

ज्यांच्याकडे फोनच नाही किंवा रेंज नाही, त्यांच्यासाठी संगणक कक्ष उघडला. साडेपाच महिने बंद खोली, त्यात पावसाळा. यंत्रं सुरू झाली, पण ब्राउझर कुठलंच सुरक्षित पान उघडेना. नेटवर्क, केबल, राउटर सगळं तपासून झालं. दोष नाण्याएवढ्या सेलचा निघाला. मदरबोर्डवरचा २०३२ नंबरचा सेल संपला की यंत्राची तारीख कितीतरी वर्षं मागे जाते आणि संकेतस्थळाचं प्रमाणपत्र ‘अजून सुरूच झालेलं नाही’ असं ब्राउझर समजतो. सेल तीस-चाळीस रुपयांचा. बंद खोली उघडलीत की आधी घड्याळ बघा.

यूपीएसच्या १२ व्होल्ट ७ एएचच्या बॅटऱ्या चार्जिंगविना पडून मेल्या. नव्या साधारण हजाराला एक. जुन्यांना रात्रभर चार्जिंगला लावण्यात दोन दिवस घालवू नका. वीज जाताच त्या दहा सेकंदांत बसतात.

बसायची व्यवस्था: सहा फुटांचं अंतर ठेवून २० बाय ३० फुटांच्या खोलीत पंधरा-सोळाच जण मावतात. खुर्च्यांच्या जागा रंगाने आखा. खडू दोन दिवसांत पुसला जातो आणि खुर्च्या हळूहळू पंख्याखाली सरकतात.

निर्जंतुकीकरणासाठी १ टक्का हायपोक्लोराइट: ५ टक्क्यांच्या १ लिटरमध्ये ४ लिटर पाणी. दहा मिनिटांनी पाण्याने पुसायचं, नाहीतर बिजागऱ्या आणि कड्या गंजतात. कीबोर्डवर हे वापरूच नका. तिथे अल्कोहोलने भिजवलेलं फडकं. हायपोक्लोराइट उन्हात ठेवलेल्या कॅनमध्ये आपोआप कमजोर होतं, म्हणून ताजं आणि गरजेपुरतं घ्या. संडास साफ करायच्या आम्लाशी त्याची गाठ पडू देऊ नका, क्लोरीन वायू निघतो. सफाई कामगारांच्या हातात दोन्ही बाटल्या एकाच बादलीत दिलेल्या दिसल्या, तेव्हा बादल्यांचे रंग वेगळे केले आणि समोर उभं राहून समजावलं. कागदी सूचना भिंतीवर लावून भागत नाही.

१९ सप्टेंबर

प्रात्यक्षिकं फोनवर. रसायनशास्त्राचा प्रयोग हाताने करून घेणं अशक्य, तेव्हा वाचनं देऊन गणन करून घेतलं. सगळ्यांना एकच वाचनं दिली तर उत्तर दहा मिनिटांत गटभर फिरतं. शीटमध्ये आसन क्रमांकावरून प्रत्येकाचा संच बनवला. पोटॅशियम परमँगनेट आणि मोहर लवणाच्या अनुमापनात एकाला ब्युरेटची (द्रव मोजून सोडायच्या नळीची) वाचनं ९.८, ९.७, ९.७, दुसऱ्याला १०.३, १०.२, १०.२; लवणाची तीव्रताही थोडी वेगळी. परीक्षकाच्या शीटमध्ये उत्तर शेजारीच.

मग दोन-तीन तोंडी प्रश्न. वेगळा दर्शक का लागत नाही? (परमँगनेटचा गुलाबी रंगच दर्शक.) हायड्रोक्लोरिक आम्ल का चालत नाही? (परमँगनेट त्याचं ऑक्सिडीकरण करून क्लोरीन काढतं, मग ब्युरेटचं वाचन वाढतं.) प्रयोग एकदा तरी केलेला विद्यार्थी इथे लगेच ओळखू येतो. साध्या फोनवरही ही परीक्षा होते, हे तिचं मोठं बळ. वेळ धरताना एकाला १२ मिनिटं धरा. बोलणं सात मिनिटांचं, बाकीची पाच फोन लागण्यात जातात.

२३ सप्टेंबर

सराव परीक्षा. आधीच्या चाचणीत गुगल फॉर्म वापरून पाहिला होता, तो सोडावा लागला. त्यात तेव्हा अर्धवट उत्तरं साठत नव्हती. मध्येच फोन आला आणि पान पुन्हा उघडलं की सगळं कोरं. वेळ संपल्यावर फॉर्म बंद केला तर लिहीत असलेल्याचं उत्तर स्वीकारलंच जात नाही. ‘एकदाच उत्तर’ हा पर्याय लावला तर जीमेलचं खातं लागतं, आणि एकाच फोनवर दोघी बहिणी असल्या की दुसरीला दार बंद.

म्हणून मूडल. ते दर मिनिटाला उत्तरं आपणहून साठवतं आणि वेळ संपली की आपणहून जमा करतं, पण त्यासाठी सर्व्हरवरचं नियतकाम (ठरावीक वेळाने आपोआप चालणारा प्रोग्राम) दर मिनिटाला चालू हवं. ते पंधरा मिनिटांवर होतं, त्यामुळे रेंज गेलेल्यांचे पेपर बराच वेळ ‘सुरू आहे’ असे दिसत राहिले आणि मदतफोनावर झुंबड उडाली.

खरी कोंडी ११ वाजता झाली. सगळ्यांनी एकाच क्षणी लॉगिन केलं. डेटाबेस मूळ मर्यादेप्रमाणे १५१ जोडण्यांवर अडला. मर्यादा ५०० केली आणि पीएचपीच्या (मूडल ज्या भाषेत लिहिलंय तिच्या) एकाच वेळी चालणाऱ्या प्रक्रिया २०० वर नेल्या, तर सर्व्हरच बसला. हिशेब सोपा आहे: एक प्रक्रिया सुमारे ५० एमबी खाते, २०० प्रक्रियांना १० जीबी लागतात आणि यंत्र ८ जीबीचं. आकडे वाढवण्याआधी हा गुणाकार करा.

दुरुस्ती: परीक्षेपुरता १६ जीबीचा सर्व्हर, पीएचपीच्या प्रक्रिया १८०, लॉगिनच्या नोंदी डेटाबेसमधून काढून रेडिसमध्ये (सर्व्हरच्या मेमरीतच राहणाऱ्या वेगवान साठ्यात). प्रत्येकाला यादृच्छिक ५० प्रश्न निवडून देणं बंद. सुरुवातीच्याच क्षणी तो भार जास्त पडतो. त्याऐवजी तीन ठरावीक संच, फक्त क्रम बदलता. एका पानावर १० प्रश्न. सगळे ५० एका पानावर ठेवले तर जुना फोन अडखळतो. एकेक ठेवला तर प्रत्येक ‘पुढे’ला रेंज लागते. लॉगिन १०.४५ ला उघडायचं आणि विषयांच्या सुरुवातीत अर्ध्या तासाचं अंतर.

आणि लॉगिनच्या पानावर इमारतीचा सुंदर फोटो होता, १.२ एमबीचा. प्रत्येक विद्यार्थी तो उतरवत होता. काढला. पान सेकंदात उघडू लागलं.

फोनच्या ॲपमधली ऑफलाइन सोडवायची सोय मोहक वाटते, पण वेळमर्यादा लावली की ती चालत नाही. तिच्या मागे लागू नका.

२८ सप्टेंबर

पासवर्ड म्हणून जन्मतारीख ठेवायचं घाटत होतं. मित्रमैत्रिणींना एकमेकांच्या जन्मतारखा पाठ असतात. सहा अंकी आकडा काढून एसएमएसने दिला.

मराठी एसएमएस ७० अक्षरांचा, रोमन १६० चा. मराठीत काना, मात्रा, वेलांटी हे प्रत्येकी एक अक्षर मोजलं जातं, म्हणून दिसायला लहान संदेशही दोनाचे पैसे घेतो. चाललेला नमुना: ‘सोम ५, ११ वा. पेपर ५. लॉगिन १०.४५. अडचण आली तर फोन करा.’ ५५ अक्षरं. व्हॉट्सॲपवर सूचना टाकली म्हणजे पोचली असं धरू नका. परीक्षेच्या आदल्या दिवशी डेटा संपलेला असतो.

३ ऑक्टोबर

पेपर सुरू. सर्व्हर टिकला. मदतफोनावर आलेल्या तक्रारी चारच प्रकारच्या, म्हणून उत्तरं छापून प्रत्येकाच्या टेबलावर ठेवली: आसन क्रमांकातला शून्य आणि ओ यांची गल्लत, फोनची तारीख चुकीची, डेटा बचतीमुळे चित्रं न दिसणं, आणि ‘जमा करा’ दोनदा दाबावं लागतं हे माहीत नसणं. मदतफोनाला एकच नंबर देऊ नका. विषयवार वेगळे नंबर दिले की फोन घेणाऱ्यासमोर त्याच विषयाचा पडदा उघडा असतो.

कक्षात येणाऱ्यांसाठी एसटीचं वेळापत्रक पेपरच्या वेळेशी जुळत नव्हतं. आगारप्रमुखांना पेपरांचं वेळापत्रक लेखी दिलं, एक फेरी अर्धा तास आधी झाली. एवढी एक गोष्ट सप्टेंबरमध्येच करता आली असती.

१५ ऑक्टोबर

१२ तारखेला मुंबईत सकाळीच वीज गेली. आमचा सर्व्हर चालू होता, पण मुंबईत अडकलेल्या विद्यार्थ्यांचे पेपर राहिले. काल पावसात इथली वीजही ये-जा करत होती. नव्या बॅटऱ्यांनी राउटर आणि कक्षातली यंत्रं वीस मिनिटं धरली. तेवढ्यात जनरेटर लागला. जनरेटर लावताना यंत्रं बंद करू नका, मूडल वेळ थांबवत नाही.

ज्यांची जोडणी मध्येच तुटली त्यांना वेळ वाढवून द्यायची तर व्यक्तिनिहाय सवलत भरावी लागते. सबळ पुरावा म्हणजे मूडलची नोंद: शेवटचं उत्तर किती वाजता साठलं, परत कधी आला. विद्यार्थी खरं सांगतोय का यावर वाद घालायची वेळ येत नाही. बहुतेक वेळा तो खरंच सांगत असतो आणि नोंद त्याच्या बाजूने बोलते.

२१ ऑक्टोबर

राहिलेल्यांची यादी केली. आयोगाच्या तत्त्वांतच अशांसाठी विशेष परीक्षेची तरतूद आहे, पण ती आपोआप कुणापर्यंत पोचत नाही. प्रत्येकाला फोन केला. काही जण आजारी होते, काहींच्या घरी आजार होता. काही जणांनी ‘आता वर्ष गेलंच’ असं धरून मुंबईत किंवा चिपळूणला काम धरलं होतं. त्यांना पेपर पुन्हा होईल हे माहीतच नव्हतं. हे फोन शिपायावर किंवा विद्यार्थ्यांवर सोपवू नका. शिक्षकाने केले तरच मूल परत येतं. त्यांच्यासाठी संध्याकाळची तुकडी ठेवली, काम सुटल्यावर येता यावं म्हणून.

९ नोव्हेंबर

खर्च (२०२०च्या दराने), पुढच्यांना अंदाज यावा म्हणून. सर्व्हर महिन्याला सहा-सात हजार, पण तो तासावर आकारला जातो: १६ जीबीचा फक्त पेपरच्या काळात, बाकी लहान. सर्वांत मोठा खर्च बॅटऱ्या आणि जनरेटरचं डिझेल. एसएमएस आणि पोस्ट त्यामानाने किरकोळ, आणि प्रत्येक रुपयाचा उपयोग झाला. वेळेचा सर्वांत मोठा खर्च फॉन्ट बदलण्यात.

उरलेली कामं: इतर वर्षांचे प्रश्नसंच युनिकोडमध्ये आणायचे, आणि नवा प्रश्न जुन्या फॉन्टमध्ये स्वीकारायचा नाही. सूक्ष्मदर्शकांच्या तीन भिंगांवर बुरशी आली आहे. सिलिका जेल दर महिन्याला तापवून कोरडं करायला हवं होतं. द्वितीय वर्षाची प्रात्यक्षिकं हाताने व्हायची बाकी आहेत, त्यांच्यासाठी आठ-आठच्या तुकड्यांचं वेळापत्रक एसटी आगाराला आधी द्यायचं. फोनच्या यादीची पुढची फेरी शिमग्याआधी.